फेकता न येणाऱ्या वस्तू

आईच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात गणपती आहेत. लग्नपत्रिकांवरचे, मुंजीच्या आणि वास्तुशांतीच्या आमंत्रणांवरचे, कॅलेंडरवरचे. कार्य पार पडलं की आई कात्री घेऊन बसते. पत्रिकेवरचा गणपती तेवढा कापून डब्यात जातो आणि उरलेला कागद रद्दीत. खरं तर दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईने छापलेलं असतं. कात्री फिरेपर्यंत ती एकच वस्तू होती.

मी एकदा विचारलं, "टाकून का देत नाहीस?" ती म्हणाली, "टाकवत नाही." टाकू नये, असं नाही म्हणाली. मराठीत हे शक्य क्रियापद फार कामाचं आहे. 'टाकू नये' म्हटलं की नियम बाहेरून आला. 'टाकवत नाही' म्हटलं की हातच थांबतो. पवित्र म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर त्या थांबलेल्या हातापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

हे काही आमच्याच घरचं वेड नाही. कुठल्याही गावातल्या वडा-पिंपळाच्या पारावर बघा. काच तडकलेल्या तसबिरी, पाय मोडलेला बाळकृष्ण, कडा झिजलेलं ताम्हन, मळून फाटलेली पोथी. घरात ठेवता येत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही, अशा वस्तूंचा तो वृद्धाश्रम. गणेशोत्सवात नगरपालिका नदीकाठी निर्माल्य कलश ठेवते तो याचसाठी. सुकलेली फुलं तशी ओल्या कचऱ्यातही गेली असती, पण ती देवावरून उतरलेली असतात.

आता शब्दाकडे येऊ. पवित्र म्हणजे स्वच्छ, शुद्ध, असा अर्थ आपण सहज सांगतो. मुळाशी खरंच तसं काहीतरी आहे. संस्कृतात 'पू' धातूचा अर्थ साफ करणं, आणि ऋग्वेदात सोमरस ज्या मेंढीच्या लोकरीतून गाळत, त्या गाळणीला 'पवित्र' म्हटलं आहे. पूजेला बसताना अनामिकेत घालतात त्या दर्भाच्या अंगठीला आपण अजून पवित्रक म्हणतो. गाळणी काय करते? हे इकडे आणि ते तिकडे, असं वेगळं काढते. मला यातला स्वच्छतेचा भाग दुय्यम वाटतो आणि वेगळं काढण्याचा भाग मुख्य.

दुसऱ्या भाषांतही हेच दिसतं. अरबीत ह-र-म या मुळापासून हराम शब्द येतो, म्हणजे निषिद्ध. त्याच मुळापासून मोहरम आला आणि मक्केतल्या सर्वांत पवित्र मशिदीचं नाव आहे मस्जिद अल-हराम. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर १७७७ साली कॅप्टन कुकने 'टापू' हा शब्द ऐकला. राजाचं अन्न टापू, शिवायचं नाही अशी वस्तू टापू, जायचं नाही अशी जागाही टापू. इंग्रजीतला टॅबू तिथून आला. 'फार मोलाचं' आणि 'हात लावू नकोस' या दोन गोष्टींना एकच शब्द पुरावा, हा योगायोग नव्हे. आपलं सोवळं तरी काय वेगळं आहे? सोवळ्यातल्या आजीला नातवाने शिवायचं नाही, कारण ती त्या वेळेपुरती वेगळी काढलेली असे. त्यातही गंमत अशी की सुती कपडा धुऊन, कुणी शिवणार नाही अशा उंच काठीवर वाळवला तरच सोवळ्यात चाले, आणि रेशमी मुकटा न धुताही चाले. स्वच्छतेचं गणित इथे कधीच कोलमडलेलं आहे.

एमिल द्युरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली नेमकं हेच मांडलं. धर्म म्हणजे देवावरची श्रद्धा, ही व्याख्या त्याला अपुरी वाटली, कारण देव नसलेले धर्मही आहेत. त्याच्या मते सगळ्या धर्मांत समान असते ती जगाची दोन भागांत केलेली वाटणी. एका बाजूला रोजचं, वापरातलं. दुसऱ्या बाजूला वेगळं काढलेलं, निषेधांनी वेढलेलं. त्याने उदाहरण घेतलं मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचं. त्यांच्याकडे चुरिंगा नावाचे लाकडाचे किंवा दगडाचे तुकडे असत. दीक्षा न झालेल्यांनी ते बघायचेही नाहीत, इतके पवित्र. पण ते लाकूड इतर लाकडासारखंच आणि तो दगड इतर दगडांसारखाच, फरक फक्त त्यावर कोरलेल्या टोळीच्या खुणेचा. (द्युरखेम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधीच गेला नाही. दुसऱ्यांच्या नोंदी वाचून त्याने पॅरिसमध्ये हे सगळं लिहिलं, आणि त्याबद्दल त्याच्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली.) त्याने आणखी एक गोष्ट टिपली. पावित्र्य संसर्गजन्य असतं. पवित्र वस्तूला जे लागतं तेही वेगळं होऊन बसतं.

म्हणजे पावित्र्य वस्तूत नसतं, तिच्याभोवती आखलेल्या नियमांत असतं. हे ऐकायला जरा अश्रद्ध वाटेल. पण मराठी माणूस हे दर भाद्रपदात स्वतः करून बघतो.

गणेशचतुर्थीच्या आधी पेणच्या एखाद्या कारखान्यात जा. कुणाचा हात मोडलाय, तो शाडूचा लगदा लावून जोडताहेत. एक कारागीर मूर्ती आडवी धरून पितांबर रंगवतोय. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, कसलेल्या हाताने. आपण दुकानात जातो तेव्हा भावही करतो. गेल्या वर्षी एवढीच मूर्ती इतक्याला होती, मग यंदा जास्त का? यात कुणालाच पाप वाटत नाही. फक्त भाषा आधीपासून सावध असते. मूर्ती 'विकत घेतली' असं आपण म्हणत नाही, 'गणपती आणला' म्हणतो. दुकानातून निघताना पाटावर बसवून तोंडावर रुमाल टाकतो. वाटेत मूर्ती दुखावली तर चुकचुकतो आणि सरळ दुसरी आणतो, कारण अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही.

मग चतुर्थीच्या दिवशी गुरुजी किंवा घरातलंच कुणी मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून मंत्र म्हणतं. या मूर्तीत प्राण स्थिर होवोत, हा त्याचा भाव. दुर्वेने डोळ्यांना तूप लावतात. माती तीच आणि रंगही तोच असतो. पण त्या घटकेपासून घर बंद करून बाहेर जायचं नाही, त्याच्याआधी जेवायचं नाही, त्याच्याकडे पाय करून झोपायचं नाही. घरात पाहुणा आला आहे, आणि त्याचे सगळे नियम लागू झाले आहेत.

दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा. अक्षता वाहायच्या, पुन्हा यावं म्हणून विनवायचं आणि मूर्ती जागची किंचित हलवायची. एवढ्याने देवत्व गेलं. पुढे पाण्यात सोडतो ती शास्त्राप्रमाणे मातीच. म्हणजे पावित्र्य आणायचा विधी आहे, तसा काढायचाही आहे, आणि दोन्ही माणसंच करतात. इतकी धीट कल्पना आपण दरवर्षी मुलांसमोर राबवतो आणि तिचं आपल्याला नवलही वाटत नाही.

पण मन शास्त्राइतकं शिस्तीत चालत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे फोटो सगळीकडे फिरतात आणि पोटात कालवतं. उत्तरपूजा झाली आहे, ती माती आहे, हे माहीत असतं. तरी कुणी त्या मूर्तींवरून चालत गेलेलं बघवत नाही.

न्यायालयांनाही या प्रश्नाशी झुंजावं लागलं आहे. कोलकात्याच्या मलिक कुटुंबात कुलदैवताच्या सेवेच्या पाळीवरून भांडण झालं. आपल्या पाळीच्या काळात मूर्ती आपल्या घरी नेता येईल का, हा वाद. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयापर्यंत गेलं. १९२५ साली निकाल लागला की प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, इकडून तिकडे हलवायची नुसती चीजवस्तू नव्हे. ती कुठे राहणार याबद्दल तिचीही काही इच्छा धरायला हवी, आणि ती मांडायला ज्याचा भांडणात स्वार्थ नाही असा माणूस नेमायला हवा. अगदी अल्पवयीन मुलाच्या बाबतीत करतात तसं. वकिली भाषेत लिहिलेलं असलं तरी मला हे प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रापेक्षा फार लांबचं वाटत नाही.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पवित्र मानलं की ती गोष्ट जपली जाते का?

सह्याद्रीतल्या देवराया बघितल्या तर उत्तर हो असं येतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांच्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. भोवतीचा डोंगर बोडका आणि मध्येच एक गच्च हिरवा ठिपका, असं दृश्य मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला किंवा कोकणात अजूनही दिसतं. आत म्हातारे वृक्ष, मनगटापेक्षा जाड वेली, आणि बहुतेक ठिकाणी एखादा झरा. नियम गावागणिक बदलतात. कुठे वाळली काटकीही उचलायची नाही, कुठे कोयता आत न्यायचा नाही. कुठे झाड हवंच असेल तर देवाला कौल लावायचा, आणि कौल नाही मिळाला तर विषय संपला. देव बहुधा उग्र, छप्पर नको म्हणणारा. झाड तोडलं तर तो घरात आजारपण आणतो, गुरं मारतो.

आता आळंदीला या. इंद्रायणी ही पवित्र नदी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. लाखो वारकरी तिच्यात स्नान करतात. आणि त्याच पाण्यावर कधी कधी साबणासारखा पांढरा फेस तरंगत असतो, वरच्या बाजूच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं म्हणून. फेस बाजूला सारून लोक ओंजळीने तीर्थ घेतात. हे बघून शहरी माणूस दोनपैकी एक म्हणतो: हे लोक अडाणी आहेत, किंवा यांची श्रद्धा खोटी आहे. मला दोन्ही पटत नाही. श्रद्धा खरी आहे, नियम वेगळे आहेत.

देवराईचे नियम 'करू नका'चे आहेत आणि मोडले तर देव कोपतो. नदीचे नियम 'करा'चे आहेत. बुडी मारा, ओटी भरा, दिवे सोडा, अस्थी सोडा. ती आई आहे, पोटात घेते. आणि मुख्य म्हणजे तिचं पावित्र्य कशानेच नासत नाही, अशी समजूत आहे. जी सगळ्यांची पापं धुते ती आपल्या मळाने कशी बाटेल? गंगेकाठीही अभ्यासकांनी हेच ऐकलं आहे. पाणी घाण झालंय हे लोक मान्य करतात, गंगा अपवित्र झाली हे करत नाहीत. जी गोष्ट बिघडूच शकत नाही तिची राखण कोण करील? देवराईतला देव चिडका आहे म्हणून राई टिकली. नदी सोशिक आहे म्हणून तिच्यात नाले सोडले.

देवरायांचंही सगळं गोड नाही. गेल्या काही दशकांत उघड्यावरच्या तांदळ्याच्या, म्हणजे देव मानलेल्या अनघड दगडाच्या जागी देवाची घडीव मूर्ती येते. मूर्तीला देऊळ हवं, देवळाला कळस हवा, सभामंडप हवा, गाडी जायला रस्ता हवा. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली जातात, आणि कौलही मिळतो. गावाच्या मते पावित्र्य कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. ते फक्त झाडांवरून मूर्तीवर सरकलं. त्यामुळे 'आपली परंपरा निसर्गाला पवित्र मानते' असं कुणी सरसकट बोललं की मी विचारतो, नेमकं कशाला? झाडाला, जमिनीला, की दगडाला?

वेगळं काढणं म्हणजे लांब ठेवणंच, असंही नाही. पंढरपूरला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. कित्येक पिढ्यांच्या स्पर्शाने ते पाय झिजतात, मग मूर्तीची झीज थांबवायला वज्रलेप करावा लागतो. मूर्ती झिजली तर तिचं काही कमी होतं असं वारकऱ्याला वाटत नाही. एकीकडे शिवलं की विटाळणारं सोवळं, दुसरीकडे शिवल्यानेच पूर्ण होणारं दर्शन. द्युरखेमच्या वाटणीत पंढरपूर नीट बसत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

पण त्या पायांपर्यंत पोचायचं कुणी, हा प्रश्न होताच. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. वेगळ्या काढलेल्या वस्तूभोवती कुंपण येतं, आणि कुंपणाला आत-बाहेर असतं. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्या बाजूने बघितलं की 'पवित्र' हा शब्द निराळाच ऐकू येतो.

महाडचं चवदार तळं तर देऊळही नव्हतं. सार्वजनिक पाणी होतं ते, आणि नगरपालिकेने १९२४ सालीच ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तिथे गेले आणि पाणी प्यायले. गुरंढोरं त्या तळ्यावर येत, त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण माणसं प्यायल्यावर गावातल्या सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. दूध, दही, शेण, गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतल्या आणि पाणी 'शुद्ध' झाल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी पाण्याची चव कशी झाली असेल, हा विचार मनातून जात नाही. स्वच्छ आणि पवित्र या दोन शब्दांमधलं अंतर याहून उघडपणे कुणी दाखवलं नसेल. तळ्यावरचा कायदेशीर हक्क मिळायला मार्च १९३७ उजाडलं, उच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा.

पवित्र गोष्टीची आणखी एक खूण म्हणजे तिची किंमत काढली की राग येतो. घरातल्या देवांच्या टाकांचं चांदीच्या भावाने वजन करून बघा. सोनार करून देईल, पण घरात कुणीतरी चार दिवस बोलणार नाही. संशोधकांनी हे मोजूनही पाहिलं आहे. जेरेमी गिंजेस आणि स्कॉट अ‍ॅट्रन यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्रायली वसाहतवाले आणि पॅलेस्टिनी निर्वासित यांच्यासमोर काल्पनिक तडजोडी ठेवल्या. ज्यांना ती जमीन किंवा तो हक्क पवित्र वाटत होता, त्यांना वर पैसे देऊ केल्यावर त्यांचा विरोध वाढला. याउलट समोरच्या बाजूने स्वतःला प्रिय असलेलं काही सोडायची तयारी दाखवली, तेव्हा विरोध थोडा निवळला. व्यवहारात आपण गोड वाटावं म्हणून पैसे वाढवतो. इथे पैसे हाच अपमान.

आपण मात्र या अडचणीतून शब्दांनी वाट काढण्यात पटाईत आहोत. देवळात लाडूच्या पाकिटावर 'किंमत' लिहीत नाहीत, 'देणगी मूल्य' लिहितात. पैसे तेवढेच, पावती तीच.

आणि हे फक्त धर्मापुरतं नाही. तिरंगा आठवा. कारखान्यात शिवताना तो कापड असतो. नंतर तो जमिनीला लागू द्यायचा नाही, आणि फाटला किंवा विटला तर ध्वजसंहिता सांगते की तो एकांतात, आदराने, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा. यात मंत्र नाही, गुरुजी नाहीत, पण उत्तरपूजा आहे. १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे उचलणारी मुलं दिसतात, त्यांच्यातल्या कित्येकांना ध्वजसंहिता नावाचं काही असतं हेही माहीत नसतं. त्यांनाही बघवत नाही, इतकंच.

दुसऱ्याचं पवित्र मात्र आपल्याला सहसा दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड लाल खडकावर चढू नका, असं तिथले मूळचे अनांगू लोक वर्षानुवर्षं पाटी लावून विनवत होते. पर्यटक पाटी वाचून चढत राहिले. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायद्याने बंद झाली, तर आदल्या दिवशी शेवटची संधी म्हणून रांग लागली होती. खडकच तर आहे, असं त्यांना वाटलं असणार. आपल्याकडच्या गडावर कुणी समाधीच्या चौथऱ्यावर बसून डबा खाऊ लागला तर त्याला 'दगडच तर आहे' असं म्हणू देऊ का आपण?

गेल्या महिन्यात आईचा डबा भरला. झाकण लागेना. आता हे सगळे गणपती वाहत्या पाण्यात सोडायचे, असं तिचं ठरलं. मी म्हटलं, कागदावर प्लास्टिकचा लेप आहे, नदीत नको, घरीच बादलीत भिजवू आणि लगदा कुंडीत घालू. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुळशीच्या कुंडीत घाल." तसं केलं. लेप लावलेले विरघळले नाहीत, ते पुसून तिने परत ठेवले.

जवळजवळ रिकामा झाला म्हणून मी तो डबा चकल्यांसाठी मागितला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नवा डबा आणला.